जुन्या गाडीला स्वस्तात रंग: कोणता डबा घ्यावा?

मारुती ८०० किंवा जुन्या वॅगन-आरला पूर्ण रंग द्यायचा तर खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो. घासणं, पुट्टी, प्रायमर, पुन्हा घासणं हे सगळं डबा कुठलाही आणला तरी तेवढंच. त्यामुळे अगदी हलका रंग घेऊन वाचतं थोडं, आणि दोन वर्षांत तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.

१. आधी रंग खरंच लागतोय का ते बघा. बॉनेटच्या कोपऱ्यावर रबिंग कंपाउंड लावून फडक्याने घासा. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला, तर वर क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही. असा रंग उन्हाने फक्त निस्तेज झालेला असेल, तर चांगल्या पॉलिशवर भागू शकतं. क्लिअरकोटचे पापुद्रे सुटत असतील, तर मात्र पॉलिशचा उपयोग नाही.

२. खाली कुठला रंग आहे ते तपासा. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग. त्याच्या थिनरमध्ये भिजवलेला बोळा आडबाजूला मिनिटभर दाबून धरा. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग सहसा हलत नाही. रंग विरघळून बोळ्याला लागला, तर मधे कुणीतरी एनसी मारलेला असणार. त्याच्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला तर खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडू शकतात. तो खरवडून काढायचा की प्रायमरने दाबायचा, हे मजुरी ठरवण्यापूर्वीच पेंटरशी बोलून घ्या.

३. आता डबा. सिंथेटिक इनॅमल सगळ्यात स्वस्त. पण सावकाश वाळतो, तोवर धूळ बसते, आणि उन्हात लवकर विटतो. लोखंडी गेटला ठीक. एनसी काही मिनिटांत वाळतो, म्हणून उघड्यावर काम करणाऱ्या पेंटरांना सोयीचा. त्याला चमक मात्र पॉलिशनेच येते आणि पेट्रोल सोसत नाही. टाकीच्या झाकणाखाली ओघळ आला की तिथे रंग मऊ पडून डाग राहतो. पीयू हार्डनरसह, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रावणासह येतो, महाग पडतो, पण पेट्रोल आणि ऊन दोन्ही सोसतो. माझं मत विचाराल तर सॉलिड पीयू घ्या, म्हणजे मेटॅलिक नसलेला. त्याला वेगळा क्लिअरकोट लागत नाही, तिथेच बचत होते.

४. शेड शक्यतो गाडीचीच ठेवा. रंग बदलला की दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालची बाजू, डिकी सगळं रंगवावं लागतं, शिवाय आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. कंपनीच्या प्लेटवर रंगाचा कोड असतो. मारुतीचा सुपिरियर व्हाइट म्हणजे २६यू. पांढऱ्याला पुढे टचअपही सहज जुळतो. लालला झाकण्याची ताकद कमी, हात जास्त द्यावे लागतात. सिल्व्हरचा पॅच तर जाणकार पेंटरकडूनही लपत नाही.

५. डबे स्वतः आणा, पेंटरकडून फक्त मजुरी ठरवा. छोट्या गाडीला साधारण दोन लिटर सॉलिड रंग धरून चला, आणि सगळा एकदमच घ्या. हार्डनर आणि थिनर त्याच कंपनीचे, प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच. पीयूमध्ये साधं एनसी थिनर ओतायची सवय काही ठिकाणी असते. मग चमक काही महिन्यांत उतरते. प्रायमरमध्येही काटकसर नको, विशेषतः चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या कडेला. गंज तिथूनच फुटतो.

पावसाळ्यात काम काढू नका. दमट हवेत एनसीवर दुधाळ पांढुरकेपणा येतो, आणि पुट्टीत मुरलेलं पाणी पुढे फोड होऊन वर येतं. दिवाळी ते होळी हा काळ बरा. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. तोंडाला रुमाल बांधून त्याचा फवारा मारणं म्हणजे दम्याला आमंत्रण, त्यामुळे हे काम घरच्या पार्किंगमध्ये करू नका.

उरलेला रंग हार्डनर न मिसळता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर शेडचा कोड लिहा. हार्डनर मिसळलेला रंग काही तासांत डब्यातच दगड होतो, तो जपून ठेवण्यात अर्थ नाही.