जुन्या जिप्सीतला चूं-चूं आवाज शोधताय? आधी या चुका टाळा

जुन्या मारुती जिप्सीला चूं-चूं, कुई-कुई सुरू झालं की डोक्याला ताप होतो, आणि आवाज सतत नसेल तर जास्तच होतो. सकाळी गाडी एकदम शांत, दुपारी उन्हात खड्ड्यांतून नेली की ओरडायला लागते आणि मेकॅनिककडे नेली की परत गप्प. मग उत्तर मिळतं, जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच. मला हे अजिबात पटत नाही. जिप्सी १९८५ ला आली, सामान्य ग्राहकांसाठी २०१९ च्या सुमारास बंद झाली, त्यामुळे आज आपल्याकडे असलेल्या गाड्या वयाने मोठ्याच आहेत, पण नीट ग्रीसिंग झालेली आणि बोल्ट घट्ट असलेली जिप्सी कुरकुरत नाही. आवाज येतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी कोरडं घासतंय किंवा ढिलं झालंय, आणि ते सापडतं. आवाज कुठून येतो हे शोधायच्या आधी तो कधी येतो हे नक्की करायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्प्रेचा डबा घेऊन गाडीखाली घुसणं. डब्ल्यूडी-४० किंवा तसलं काहीही दिसेल त्या सांध्यावर मारायचं, आवाज दोन दिवस बंद होतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि आठवड्याने तोच आवाज परत. एक तर असे स्प्रे पातळ असतात, ग्रीसचं काम ते करत नाहीत, उलट क्रॉसमधलं, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातलं, असलेलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतात. दुसरं म्हणजे पाच ठिकाणी एकदम मारल्यावर नेमकं कुठलं ठिकाण ओरडत होतं हे कळायचा मार्गच बंद होतो. याचाच मोठा भाऊ म्हणजे वॉशिंग सेंटरवर गाडीखालून डिझेल किंवा जळकं ऑईल फवारून घेणं, आपल्याकडे पावसाळ्याआधी हे सर्रास करतात. गंज थोडा थांबत असेल पण शॅकलचे, म्हणजे पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) टोक धरणाऱ्या हलत्या कडीचे, रबर बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या), बॉडी माउंट (बॉडी आणि चेसिसच्या मधली रबरं), एक्झॉस्टचे हँगर ही सगळी रबरं तेलाने फुगतात, मऊ पडतात आणि मग खरंच ओरडायला लागतात, शिवाय तेलावर धूळ बसून पाट्यांमध्ये पॉलिश पेपरसारखा थर तयार होतो.

त्याऐवजी साधं पाणी वापरा. झाडांना मारायची स्प्रेची बाटली घ्या, थोडा साबण टाका, आणि एका वेळी एकाच सांध्यावर मारा. जिप्सीला चारही चाकांना पाटे आहेत, प्रत्येक पाट्याचं एक टोक चेसिसवरच्या हँगरला (ब्रॅकेटला) पक्कं आणि दुसरं शॅकलला, म्हणजे रबर बुशची बरीच ठिकाणं झाली, त्यामुळे पुढचं डावं झालं की थोडं चालवून बघा, मग पुढचं उजवं, असं करत जा. ज्या बुशवर पाणी मारल्यावर आवाज थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला तो बुश तुमचा गुन्हेगार. पाण्याने रबराचं नुकसान होत नाही आणि पुरावाही राहतो. सकाळी गाडी शांत आणि दुपारी बोलकी असण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं, रात्रीचं दव रबरावर असतं ते सुकलं की सुरू. म्हणूनच गाडी धुऊन आणल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर लगेच टेस्ट करू नका, तेव्हा सगळ्याच जिप्स्या शांत असतात.

दुसरी चूक कानावर विश्वास ठेवायची. आत बसून ड्रायव्हरला वाटतं मागून उजवीकडून येतोय, आणि निघतो पुढच्या शॅकलमधून. चेसिसचे दोन लांब पोलादी बीम आवाज इकडचा तिकडे नेतात आणि वर पत्र्याची बॉडी तो मोठा करते. म्हणून आधी कंडिशन लिहून काढा, खरंच फोनमध्ये लिहून ठेवा. गाडी उभी असताना इंजिन चालू केलं की येतो का, फक्त चालताना येतो का, वेग वाढला की लवकर लवकर येतो का, गाडी न्यूट्रलला टाकून सोडली तरी येतो का, खड्ड्यातच येतो का, क्लच दाबल्यावर बदलतो का, ब्रेकवर पाय ठेवला की बंद होतो का. एवढ्या उत्तरांवर अर्धी गाडी यादीतून बाहेर जाते.

उदाहरणार्थ वेगाबरोबर वाढणारा आवाज घ्या. २०५/७० आर १५ चा टायर एका फेरीत साधारण २.१ मीटर जातो. ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने गाडी चालवली तर चाक साधारण दीड सेकंदाला एक फेरी मारतं, आणि डिफरन्शियलच्या (ॲक्सलमधल्या गिअरच्या) रेशोमुळे प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा, त्याच्या जवळपास चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला अडीचच्या आसपास. आता रिकाम्या पार्किंगमध्ये त्या वेगाने चालवा आणि मोजा. दीड सेकंदाला एकदा चूं येत असेल तर चाक, ड्रम, डिस्क, हब या बाजूला बघा, भरभर चिवचिव येत असेल तर शाफ्टच्या क्रॉसवर संशय घ्या. हे जास्त वेगात करायला जाऊ नका, ताशी २० ला शाफ्ट सेकंदाला दहाएक फेऱ्या मारतो, ते कानाने मोजता येत नाही.

क्रॉस कोरडा पडला की त्याच्या कपाच्या (टोकावरच्या टोपणाच्या) कडेला गंजाची तांबूस पूड दिसते, ती दिसली की मला तरी दुसरा पुरावा लागत नाही. ग्रीस भरायचं निपल असेल तर ग्रीस मारा आणि चारही कपांतून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, तीनमधून आलं आणि एकातून नाही तर तो चौथा कप आत कोरडाच आहे. पूड दिसत असेल तर मात्र ग्रीसने फार दिवस निघणार नाहीत, आतल्या बेअरिंगच्या सुया खराब झालेल्या असतात, क्रॉस बदलाच. क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर पडणं हा मोठा धोका आहे.

ज्यांच्या गाडीला पुढे फ्री व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवता येणारे हब) आहेत त्यांच्या हातात तर आयती टेस्ट आहे आणि आश्चर्य म्हणजे ती कुणी करतच नाही. गाडी टू-एचला (फक्त मागची चाकं ओढतात त्या स्थितीत) ठेवा, हब फ्री करा आणि चालवा, आता पुढचा शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल फिरतच नाही. मग हब लॉक करून, तसंच टू-एचला, परत तोच रस्ता. लॉक केल्यावर आवाज आला आणि फ्री केल्यावर गेला तर आवाज पुढच्या शाफ्ट आणि ॲक्सलच्या भागात आहे, मागे हात लावायची गरजच नाही. फक्त ही टेस्ट म्हणून डांबरी रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांचा ड्राइव्ह) टाकून फिरू नका, कोरड्या रस्त्यावर पार्ट टाइम फोर बाय फोरवर ताण येतो आणि त्या ताणाचे वेगळेच आवाज येऊन आणखी गोंधळ होतो.

तिसरी चूक गाडी जॅकवर चढवून आवाज शोधायची. चेसिसला जॅक लावला की चाकं लटकतात, पाट्यावरचं वजन जातं, बुश वेगळ्याच कोनात जातो आणि आवाज गायब. सस्पेन्शनचा आवाज शोधायला गाडी स्वतःच्या चाकांवर सपाट जमिनीवर उभी पाहिजे. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना दगड, मग एकाने बंपरवर उभं राहून गाडी वरखाली हलवायची आणि दुसऱ्याने बाजूला बसून शॅकलच्या हँगरवर हात ठेवायचा, आवाजापेक्षा हाताला लागणारी थरथर जास्त खरं सांगते. बोटं शॅकल आणि चेसिसच्या मध्ये घालायची नाहीत आणि कुणी गाडीखाली आडवं व्हायचं नाही. चालत्या गाडीत ऐकायचं असेल तर व्हिडिओवाले वापरतात तो साधा कॉलर माइक संशयित जागेजवळ टेप आणि झिप टायने पक्का बांधा, वायर फिरणाऱ्या भागापासून लांब ठेवा, आणि फोनवर रेकॉर्ड करा.

इंजिनच्या बाजूचा आवाज असेल तर पाण्याचीच युक्ती बेल्टवर चालते. इंजिन चालू असताना हात आणि कपडे लांब ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, टेन्शन बघा, क्षणभर बंद होऊन परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत. बेल्टला साबण किंवा पावडर चोळून विषय संपवू नका. क्लच पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर बहुतेक रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगकडे बघायचं.

ब्रेकचं थोडक्यात. चालताना पेडलवर हलका पाय ठेवल्यावर आवाज बदलत असेल तर पॅड किंवा लाइनर. चिखलातून किंवा खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश किंचाळी सुरू झाली तर डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय का ते आधी बघा, पॅड बदलायला धावू नका. ताडोबासारख्या ठिकाणी सफारीला रोज धुळीत फिरणाऱ्या जिप्सींच्या ड्रममध्ये धूळ साचते, ती उघडून साफ करायची, पण हवा मारून उडवायची नाही, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. लाइनरला तेलाचा थेंबही लावायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

आणि आवाज सस्पेन्शनचा आहे असं गृहीत धरून नवे बुश, नवे शॉकअप घ्यायच्या आधी गाडी रिकामी करा. स्टेपनीचा ब्रॅकेट, टेलगेटची कडी, हुडचे (ताडपत्रीच्या छताचे) पाइप, सीटखालचा जॅक आणि पाना, मागचं बाकडं, यातलं काहीही घासून हुबेहूब पाट्यासारखं ओरडतं. सगळं काढा, हुड सैल करा, त्याच रस्त्यावरून जा. फुकट टेस्ट आहे. तिरकं चढताना, म्हणजे एक चाक फुटपाथवर आणि बाकी खाली अशा वेळी आवाज येत असेल तर बॉडी माउंटकडे बघा, त्याच स्थितीत उभी करून दार उघडबंद करून बघा, दार अडकायला लागलं असेल तर चेसिसला पाट्याच्या हँगरजवळ क्रॅक किंवा गंज आहे का ते तारेच्या ब्रशने घासून तपासा. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांना तर हे आधीच करा.

काही आवाज मात्र शोधत बसायचे नसतात, गाडी तिथेच थांबवायची. चाकाच्या फेरीबरोबर येणारी कटकट किंवा करकर व्हील नट ढिले असल्याची असू शकते. आणि ब्रेक मारताना किंवा ॲक्सिलरेटर देताना कुई आणि सोबत गाडी थोडी बाजूला ओढली जात असेल तर यू बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) ढिले किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो, अशाने ॲक्सल जागेवरून सरकतो. पाटा नीट पुसून तडा बघा, विशेषतः यू बोल्टच्या कडेला.

शेवटी बुश बदललेच तर मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. गाडी जॅकवर आणि चाकं लटकलेली असताना शॅकलचे आणि हँगरचे बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत, हाताने लागतील एवढेच लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा हलवायची आणि मग पान्याने आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो, मग पार्ट डुप्लिकेट होता म्हणून दुकानदाराशी भांडण. रबर बुशला ग्रीस नको, अगदी लावायचंच असेल तर सिलिकॉनचं. यू बोल्ट उघडले असतील तर काहीशे किलोमीटरनंतर परत टॉर्क करून (ठरलेल्या जोराने आवळून) घ्या, आणि टेस्ट त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, तेवढंच सामान भरून करा, जेव्हा आवाज पहिल्यांदा यायचा.