चवीची चाचणी लोकांकडून घेताय? या चुका टाळा

पदार्थाची चव ग्राहकांच्या शब्दांत टिपायची सोपी पद्धत आहे. शब्दांची यादी द्यायची, लागू पडेल त्यावर टिक करायला सांगायचं. चाखणारे महिनोन्‌महिने तयार करावे लागत नाहीत. पण सोपी म्हणून लोक घाई करतात आणि तोच तो विचका होतो. सातारा-सांगलीत तो बघून आता जीव विटलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सगळ्यांना एकच छापील यादी. साताऱ्यात एका ओळखीच्यांनी कंदी पेढ्याची चाचणी घेतली, मी मदतीला होतो. चार पेढे, वीस शब्द, ऐंशी माणसं. यादी आदल्या रात्रीच झेरॉक्स करून ठेवलेली. वर 'गोड', 'मऊ', 'खव्याची चव'. तळाला 'रवाळ', 'दाताला चिकटतो'. संध्याकाळी कागद मोजायला बसलो, तर वरच्या सहा-सात शब्दांवर टिकांची गर्दी आणि खालचा भाग कोरा. एक पेढा तर माझ्याच दाढेत घट्ट बसला होता, त्याला 'चिकटतो'वर टिका फक्त तीन! माणूस वरून वाचत येतो, पाच-सहा खुणा झाल्या की त्याला वाटतं झालं काम. सगळा दिवस पाण्यात गेला. तेव्हापासून मी यादीचे दहा वेगवेगळे क्रम छापतो आणि पत्त्यांसारखे पिसून वाटतो. मोबाइलवर फॉर्म असेल तर क्रम आपोआप बदलायची सोय आधी चालू करतो.

त्याच यादीत 'कॅरामलयुक्त' असा शब्द होता. साताऱ्यात कोण असं बोलतं? लोक 'खरपूस' म्हणतात, आणि बिघडलं तर 'करपट'. पहिली तारीफ, दुसरी तक्रार. मी आधी दहा-पंधरा जणांना खाऊ घालतो, ते बोलतील तसं वहीत उतरवतो आणि त्यातून यादी करतो.

नमुन्यांना अ, ब, क नको. तीन आकडी क्रमांक द्या. वाढायचा क्रमही माणसागणिक बदला. मधे पाणी प्यायला लावा, पेढ्याला तर हवंच. घरच्या वीस माणसांवर भागवू नका, निदान साठ ते ऐंशी ग्राहक हवेत. आणि 'गोड'वर जास्त टिका म्हणजे तो पेढा जास्त गोड, असं नाही. किती गोड हे हवं असेल, तर टिक केलेल्या शब्दापुढे कमी, मध्यम, जास्त असं विचारा.

दुसरी पद्धत कागदावर मांडायची. 60 बाय 40 सेंटिमीटरचा कोरा कागद, सारखे वाटणारे नमुने जवळ, वेगळे वाटणारे लांब. सांगलीत बेदाण्यासाठी एकदा कुणीतरी चौदा वाट्या एकदम पुढे ठेवल्या. सातव्या-आठव्या वाटीला जिभा थकल्या, आणि बऱ्याच जणांनी वाट्या चाखल्या त्या क्रमानं ओळीत लावून टाकल्या. मी आठ-दहावर जात नाही. आधी रंगीत गोल-चौकोन देऊन मांडणीचा सराव करून घेतो. आणि एकच बेदाणा दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवतो. बहुतेकांच्या कागदावर त्या दोन वाट्या शेजारी आल्या नाहीत, तर बाकीच्या मांडणीवर मी विश्वास ठेवत नाही. चाचणी पुन्हा घेतो.