तार्तूत शिकायला येताना: कागद, कार्ड आणि लाकडाची भट्टी

एस्टोनियाची सगळी लोकसंख्या १४ लाखांच्या आत, म्हणजे पुण्याच्या निम्मीही नाही. तार्तू हे तिथले दुसरे मोठे शहर, वस्ती लाखाच्या घरात. १६३२ साली स्थापन झालेले विद्यापीठ हाच या गावाचा जीव. सरकारी कामे घरबसल्या होणारा देश अशी एस्टोनियाची ख्याती आहे आणि ती खरीही आहे, पण ती सोय हाती येईपर्यंत कागदांचा क्रम सांभाळावा लागतो. नवे विद्यार्थी अडकतात ते अभ्यासात कमी, या क्रमात जास्त.

इंग्रजी माध्यमाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे अर्ज साधारण मार्चच्या मध्यापर्यंत घेतात आणि वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात. मधला वेळ भरपूर वाटतो, पण तो फसवा आहे. शेवटच्या वर्षाचा निकाल आपल्याकडे जुलैपर्यंत लांबू शकतो, आणि दिल्लीतल्या दूतावासात बोटांचे ठसे द्यायला स्वतःच जावे लागते. त्यामुळे जी प्रमाणपत्रे आधीच हातात आहेत त्यांचे काम प्रवेशाची वाट न पाहता उरकावे: आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेली मोहोर.

तिथे पोहोचल्यावर सगळे फिरते ते ११ अंकी ओळख क्रमांकाभोवती, ज्याला 'इसिकुकोद' म्हणतात. निवास परवान्याच्या कार्डासोबत बंद पाकिटात पिन मिळतात. पिन १ ओळख पटवायला, पिन २ सही करायला. ही सही कायद्याने हातच्या सहीइतकीच पक्की, म्हणून पिन २ मागणाऱ्या पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय आकडे दाबू नका. तीनदा चुकलात की पिन बंद पडतो आणि तो त्याच पाकिटातल्या पक (PUK) कोडनेच उघडतो. तेव्हा ते पाकीट फेकू नका आणि कार्डाबरोबर एकाच खिशात ठेवू नका.

पत्त्याची नोंद करायची तर घरमालकाची संमती किंवा घर वापरायचा हक्क दाखवणारा भाडेकरार लागतो. काही मालक भाडे घेतात पण नोंदीला नाही म्हणतात. करार करण्याआधी हे स्पष्ट विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

वसतिगृहातल्या खोल्या लवकर संपतात. मग नजर जाते कार्लोव्हा आणि सुपिलिन या भागांतल्या जुन्या लाकडी घरांकडे. सुपिलिनमधल्या रस्त्यांना वाटाणा, बटाटा, घेवडा अशी नावे आहेत आणि परिसर खरोखर देखणा आहे. भाडे कमी दिसते, पण जाहिरातीत 'आहिक्युते' असा शब्द असेल तर गरम करायची सोय म्हणजे विटांची लाकूडभट्टी. लाकूड घनमीटरने विकत घ्यावे लागते. भट्टीच्या तोंडाप्रमाणे ३० किंवा ५० सेंटिमीटरचे ओंडके मागवावेत, आणि कोरडेच. ओले लाकूड धूर जास्त करते, उष्णता कमी देते आणि चिमणीत काजळी साठवते.

पेटवताना धुराड्याची झडप पूर्ण उघडी हवी. लाकूड तासा-दीड तासात जळून निखारे होतात आणि विटा तापल्या की खोली दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब धरते. खरा धोका यानंतरचा. ऊब वाया जाऊ नये म्हणून लोक झडप घाईने बंद करतात. निखाऱ्यांवर निळसर ज्योत दिसते तोवर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होत असतो, आणि त्याला वास नसतो. ज्योत पूर्ण गेली, निखारे काळवंडले, मगच झडप लावायची. अशा घरात या वायूचा इशारा देणारे यंत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते बसवलेले आहे ना, चालू आहे ना, आणि चिमणी शेवटची कधी साफ केली, हे घर बघतानाच विचारा. राख धातूच्या बादलीतच काढा. तिच्यातला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.

मध्यवर्ती उष्णतेचे घर घेतले तर कटकट नाही, मात्र भाड्यावर वेगळे बिल येते आणि हिवाळ्यात ते चांगलेच फुगते. मागच्या जानेवारीचे बिल मालकाकडे मागा. जुलैचे बघून काही कळत नाही.

अभ्यासाचे गणित सोपे आहे. एका सत्राला ३० श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकामागे २६ तासांचे काम, त्यात वाचन आणि लेखन धरलेले. उत्तीर्ण व्हायला ५१ गुण लागतात. आपल्याकडच्या ४० टक्क्यांच्या सवयीने अंदाज बांधू नका. पूर्णवेळ विद्यार्थी राहायला वर्षाला किमान ४५ श्रेयांक हवेत, आणि निवास परवाना पूर्णवेळ शिक्षणावरच टिकतो.

डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. अंधारात पायी चालताना कोटाला परावर्तक (रिफ्लेक्टर) लावणे सक्तीचे आहे, विसरलात तर दंड होऊ शकतो. कोणत्याही दुकानात एक-दोन युरोला मिळतो.

खाण्याची आबाळ होत नाही. मसूर डाळ साध्या दुकानातही मिळते, केफिर म्हणजे आंबवलेल्या दुधात पाणी घातले की ताकाची गरज भागते. तूरडाळीसाठी मात्र राजधानी ताल्लिनमधली भारतीय दुकाने किंवा ऑनलाइन खरेदी. कुकर न्यायचा तर स्टीलचा, कारण इंडक्शन शेगडीवर साधा ॲल्युमिनियमचा चालत नाही. आणि वसतिगृहात फोडणी देताना खिडकी उघडा, दार बंद ठेवा. मार्गिकेतल्या धूरसूचकाला मोहरी आणि आग यांतला फरक कळत नाही, आणि अग्निशमन दल उगाच आले तर त्याचा खर्च तुमच्यावर पडू शकतो.