माकडांचा मलेरिया माणसात आणणारा डास कसा ओळखायचा

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याकडे जो माकडताप येतो तो हा नव्हे. तो व्हायरस आहे आणि तो गोचिडीमुळे पसरतो, त्यात डासाचा काही हात नाही. इथे आपण बोलतोय ते खऱ्याखुऱ्या मलेरियाबद्दल, जो मुळात माकडांचा आहे आणि जंगलात गेलेल्या माणसाला डास चावला की त्याच्यात येतो. त्या परोपजीवीचं नाव प्लास्मोडियम नोलेसाय. गंमत म्हणजे नाव पडलं ते कलकत्त्यातल्या रॉबर्ट नोल्स यांच्यावरून, १९३२ मध्ये त्यांनी आणि दासगुप्तांनी माकडाच्या रक्तातला हा जंतू माणसात जाऊ शकतो हे दाखवलं होतं, पण तो प्रयोग होता, निसर्गात असं घडत असेल हे पुढे कितीतरी वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६५ मध्ये मलेशियातल्या पाहांगच्या जंगलात जाऊन आलेल्या एका अमेरिकन माणसात तो सापडला तरी ‘असेल एखादी केस’ म्हणून विषय मागे पडला. मग २००४ मध्ये बोर्निओ बेटावरच्या सारावाक या मलेशियन राज्यातल्या कापित भागातले मलेरियाचे २०८ रुग्ण पीसीआरने, म्हणजे डीएनए तपासून, बघितले तर त्यातल्या १२० जणांत हाच निघाला, आणि मायक्रोस्कोपखाली तो दुसऱ्या एका साध्या मलेरियासारखा दिसतो म्हणून तोवर तसाच लिहिला जात होता. आज मलेशियात २०१८ पासून माणसाचा नेहमीचा मलेरिया स्थानिक पातळीवर शून्य आहे, पण माकडांकडून येणारा हजारोंच्या घरात.

त्यामुळे क्वालालंपूरला नोकरीला असलेले, बोर्निओतल्याच सबा राज्यात ट्रेकिंगला जाणारे आपले लोक हल्ली विचारतात की तो डास दिसतो कसा. सांगतो. फक्त एक लक्षात ठेवा, डोळ्यांनी ठरावीक टप्प्यापर्यंतच जाता येतं, आणि तो टप्पा कुठे संपतो हे कळणं हेच ओळखण्यातलं अर्धं काम आहे.

पायरी १ : डास धड हातात पाहिजे

चापट मारून मारलेला डास ओळखायला काही कामाचा नाही. सगळी ओळख अंगावरच्या बारीक खवल्यांच्या रंगात असते आणि ते बोटाला लागून निघून जातात. रॅकेटने मारलेला तर विसराच, त्याचे पायच जळतात. भिंतीवर बसलेल्यावर पारदर्शक ग्लास किंवा टेस्ट ट्यूब हळूच उपडी ठेवायची, खालून कागद सरकवायचा, आणि तासभर फ्रीजरमध्ये. मग छोट्या डबीत टिश्यू पेपर आणि चपलांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाकून त्यात ठेवायचा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. डबीवर तारीख, वेळ, जागा, आणि जमिनीलगत मिळाला की झाडावर उंचावर, हे पेन्सिलीने लिहायचं. हे लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो, मलाही येतो, पण बिनलेबलचा डास म्हणजे बिनपत्त्याचं पत्र.

संशोधक लोक अंधार पडला की स्वतःचे पाय उघडे टाकून बसतात आणि डास पायावर उतरला की चावायच्या आत नळीत पकडतात. ते तुम्ही अजिबात करायचं नाही. ते लोक मलेरियाची प्रतिबंधक औषधं आणि रीतसर परवानग्या घेऊन बसलेले असतात. सबातली हा मलेरिया पसरवणारी मादी संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानच जास्त चावते, म्हणजे नेमकं लोक अंगणात, पायरीवर गप्पा मारत बसतात तेव्हा, त्यामुळे नुसत्या मच्छरदाणीत झोपून हिच्यापासून सुटका नाही.

पायरी २ : अ‍ॅनॉफिलीस आहे का, आणि मादी आहे का

जिवंत बसलेला दिसला तर काम सोपं. क्युलेक्स आणि एडिस बसतात ते पाठ वाकवून, अंग साधारण भिंतीला समांतर. अ‍ॅनॉफिलीस डोकं खाली आणि ढुंगण वर करून तिरपा बसतो, शीर्षासनाची तयारी चालल्यासारखा. मेलेला असेल तर तोंडाकडे बघा. मधे सोंड असते आणि तिच्या दोन बाजूंना पाल्प नावाचे दोन अवयव. अ‍ॅनॉफिलीसच्या मादीत ते सोंडेएवढेच लांब, म्हणजे पटकन तीन सोंडा असल्यासारखं वाटतं. मिशा पिसासारख्या झुपकेदार असतील तर तो नर, चावत नाही, सोडून द्या.

ही पायरी गाळून थेट पाय बघायला गेलात तर फसाल, कारण डेंग्यूवाल्या एडिसच्या पायांवर पण पांढरे पट्टे असतातच.

पायरी ३ : पंख

भिंग लागेल, दहापट-वीसपट. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स पण चालते. पंखाच्या पुढच्या कडेवर काळ्या पट्टीत फिकट ठिपके असतात ते मोजायचे. चार किंवा जास्त असतील तर सेलिया नावाच्या उपगटात आलो, आपले बहुतेक संशयित तिथेच आहेत.

पायरी ४ : पैंजण

इथे जरा थांबायचं, कारण खरी मजा इथे आहे. डासाचा मागचा पाय म्हणजे मांडी, मग पोटरी, आणि मग पाच पेरांचं लांबलचक पाऊल. पोटरी आणि पाऊल जिथे जुळतात, म्हणजे आपल्या भाषेत घोटा, तिथे एक रुंद, ठळक पांढरा पट्टा असेल आणि मांडी-पोटरीवर फिकट शिंतोडे उडाल्यासारखे दिसत असतील, तर ती ल्युकोस्फायरस गटातली मादी, म्हणजे आपण शोधतोय तीच. मी हिला पैंजणवाली म्हणतो. एकदा नजर बसली की भिंगाशिवाय पण संशय येतो.

सारखी दिसणारी पण दुसरीच निघते अशी उदाहरणं तिथे भरपूर. मॅक्युलेटस नावाच्या अ‍ॅनॉफिलीसच्या पायांवरही शिंतोडे असतात, पण तिचं पांढरं पायाच्या टोकाला, म्हणजे पैंजण नाही, मोजा घातल्यासारखं. कोचीच्या पोटाखाली काळ्या खवल्यांचे झुपके असतात. आपल्या शहरांतली स्टीफेन्साय, जी टाक्यांमधे होते, तिचेही पाय ठिपक्यांचे, पण घोट्याचा रुंद पट्टा तिला नाही. आणि डोनाल्डाय म्हणून एक आहे, काळपट, झिपऱ्या पाल्पची, ती या गटातली नाहीच आणि वरच्या ठिपक्यांच्या पायरीलाच गळते, पण माकडांच्या मलेरियात हिच्याकडेही बोट दाखवलं गेलंय. त्यामुळे ‘पैंजण नाही म्हणजे धोका नाही’ असं धरून चालू नका.

पायरी ५ : कुठे मिळाली त्यावरून अंदाज, फक्त अंदाज

गट कळला की नकाशा काढायचा. सबात मिळाली तर बहुधा बालाबासेन्सिस (नाव फिलिपिन्सच्या बालाबाक बेटावरून), सारावाकच्या कापितकडे लेटन्स, पाहांगमध्ये क्रासेन्स, सेलांगोरकडे इंट्रोलेटस, आणि व्हिएतनामच्या जंगलात डायरस. पाणी पण साथ देतं. बालाबासेन्सिसच्या अळ्या जंगलातल्या सावलीतल्या डबक्यांत मिळतात, गाडीच्या चाकोरीत नाहीतर जनावराच्या खुरात साचलेल्या गढूळ पाण्यात, आणि अ‍ॅनॉफिलीसची अळी ओळखायची म्हणजे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, क्युलेक्ससारखी श्वासाची नळी वर काढून उलटी लोंबकळत नाही. हॅकेराय नावाची बहीण निपा पाम झाडाच्या पानांच्या बुडाशी साचलेल्या पाण्यात वाढते. निसर्गातल्या डासांत नोलेसाय पहिल्यांदा सापडला तो हिच्यातच, पण ही माकडांनाच चावते, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, म्हणून माणसांच्या दृष्टीने ती फारशी कामाची नाही. लेटन्स मात्र उंच झाडावर माकडाला चावते आणि खाली उतरून माणसाला पण. धोका आहे तो असा दोन्हीकडे जेवणारीपासून.

पायरी ६ : इथे भिंग खाली ठेवायचं

या गटातल्या सख्ख्या बहिणी इतक्या सारख्या आहेत की पंखांच्या शिरांवरचे काळे डाग मोजून मोजून तज्ज्ञ पण चुकतात. लेटन्स आणि क्रासेन्स यांना स्वतःची नावं मिळाली तीच २००५ मध्ये, तोवर त्या दुसऱ्याच नावाखाली ए, बी अशी अक्षरं लावून ओळखल्या जायच्या. नक्की जात सांगायला डीएनए लागतो, डासाचा एक पाय सुद्धा पुरतो, त्यावर पीसीआर करून आयटीएस-२ किंवा सीओआय नावाचा डीएनएचा तुकडा वाचतात. पाय तोडला तरी बाकीचा डास पुराव्याला शिल्लक राहतो, हे मला फार आवडतं.

आणि जात कळली तरी ती मादी मलेरिया वाहत होती का हा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेत आधी अंडाशय बघतात. त्यातल्या श्वासनलिकांची वेटोळी सुटलेली असतील तर तिने निदान एकदा अंडी घातलीत, म्हणजे एकदा तरी रक्त पिऊन झालंय. जंतू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा दिवस लागतात, तेवढी जगलेली म्हातारीच धोक्याची. मग लाळेच्या ग्रंथी फोडून स्पोरोझोइट, म्हणजे चावताना अंगात शिरणारं जंतूचं रूप, शोधतात. ते दिसले तरी कोणत्या मलेरियाचे हे मायक्रोस्कोप सांगत नाही, कारण माकडांचे इनुई, सायनोमोल्गी, कोटनेयी असे बरेच मलेरिया याच डासांत फिरत असतात. पुन्हा पीसीआर.

आपल्याकडे काय, असं विचारणारे असतीलच. या गटातली एलेगन्स दक्षिण भारतातल्या डोंगरी जंगलात आहे आणि १९६० च्या दशकात निलगिरीत तिच्यातच माकडांचा मलेरिया सापडला होता, पण महाराष्ट्रात जो हिवताप होतो त्यामागे क्युलिसिफेसीस, फ्लुव्हिएटिलिस आणि स्टीफेन्साय या जातींचे डास, माकडांचा संबंध नाही. त्यामुळे घरातला डास बघून घाबरू नका.

बोर्निओतून आल्यावर ताप आला तर मात्र डास ओळखत बसू नका, त्याच दिवशी रक्त द्या. नोलेसाय दर चोवीस तासांनी वाढतो, बाकीच्यांपेक्षा लवकर, आणि झटपट किटमध्ये तो हुकू शकतो, म्हणून ‘मी जंगलात गेलो होतो, तिथे माकडं होती’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि काचेवरची रक्ततपासणी मागा, जमल्यास पीसीआर.

आणि डबीवर शेवटी काय लिहायचं? पैंजण स्पष्ट दिसलं असेल तर ‘ल्युकोस्फायरस गट, मादी’, बास. बालाबासेन्सिस लिहायचा मोह होतो, मी लिहिलंय एकदा आणि नंतर खोडावं लागलंय.