खालच्या जबड्यावरून मृत्यूसमयीचं वय कसं ठरवायचं

जबडा स्वच्छ करून आधी हनुवटीचा मध्य पाहा. दोन अर्धे सुटे असतील तर तान्हं बाळ. दुसऱ्या वर्षापर्यंत हा सांधा हाडाने भरून येतो. मग दात. पहिली कायमची दाढ साधारण ६व्या वर्षी, दुसरी १२व्या, अक्कलदाढ १७ ते २५ दरम्यान. अक्कलदाढ दिसली नाही म्हणून वय कमी धरू नका. एक्स-रे काढा, ती कधी हाडात अडकलेली असते, काहींना मुळातच नसते.

पंचविशीनंतर दात उगवण्याचा उपयोग संपतो. तेव्हा बाहेरच्या बाजूचं मेंटल छिद्र (हनुवटीच्या बाजूला नस बाहेर येते ते भोक) बघा: बाळात खालच्या कडेजवळ, प्रौढात मधोमध, दात गेलेल्या वृद्धात वरच्या कडेला. जबड्याचा कोनही (कानाखालचा उभा भाग आणि आडवा भाग यांच्यातला) मोजा. बाळात तो १४० अंश किंवा जास्त, प्रौढात ११० ते १२०, म्हातारपणी पुन्हा १४०च्या आसपास.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. छिद्र वर सरकत नाही; दात पडल्यावर वरची कड झिजते. त्यामुळे हिरड्यांच्या रोगाने चाळिशीत दात गमावलेल्याचा जबडा सत्तरीचा भासतो. म्हणून प्रत्येक दाताचा खळगा भिंगाखाली तपासा. कडा धारदार, खळगा रिकामा असेल तर दात मृत्यूनंतर निखळला. खळगा हाडाने भरून गुळगुळीत झाला असेल तर तो जिवंतपणीच, बऱ्याच महिन्यांपूर्वी गेलेला.

अहवालात नेमकं एक वर्ष कधीही लिहू नका. वयाची किमान-कमाल मर्यादा द्या, आणि कवटीचे सांधे व जघनास्थीशी (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाशी) ताडून पाहिल्याशिवाय सही करू नका.