बत्तीस, चौसष्ट आणि काट्यावर खोळंबलेले ट्रॅक्टर

माझी पहिली नोकरी. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नवा कॉम्प्युटर बसवायचा होता. काट्याचा प्रोग्रॅम व्हीबी सिक्स (व्हिज्युअल बेसिक ६) या जुन्या भाषेत लिहिलेला, म्हणजे १९९८च्या काळातला. डेटा मात्र दुसऱ्या इमारतीतल्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सर्व्हरवर. मी ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषा, टाकला, डीएसएन (जोडणीची माहिती एका नावाखाली साठवलेली नोंद) बनवला, ‘टेस्ट’ दाबलं. कनेक्शन सक्सेसफुल! प्रोग्रॅम उघडला, तर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’, कोड आयएम०१४.

बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. काट्यावरचे क्लार्क दर पाच मिनिटांनी डोकावत, “साहेब, झालं का?” आणि मी तो निरोप न वाचताच पासवर्ड बदलत बसलो होतो. मग फायरवॉल बंद केली, मग सर्व्हर रीस्टार्ट केला. सगळी वरवरची मलमपट्टी.

दुखणं साधं होतं. ड्रायव्हर म्हणजे एक डीएलएल, दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायची कोडची फाइल. ती प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत, लोड होते. प्रोग्रॅम बत्तीस बिटी किंवा चौसष्ट बिटी अशा दोन घडणींचे असतात. बत्तीस बिटी प्रोसेसमध्ये चौसष्ट बिटी डीएलएल जात नाही. व्हीबी सिक्सचा प्रोग्रॅम बत्तीसचाच असतो, म्हणून ड्रायव्हरही बत्तीसचा हवा. सर्व्हर किती बिटांचा, याचा इथे काडीचा संबंध नाही. त्याच्याशी बोलणं नेटवर्कवरून होतं. हे कळायला मला अर्धा दिवस लागला.

त्यात विंडोजची गंमत अशी की, चौसष्ट बिटी विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ फोल्डरमधला ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (डीएसएन बनवायची खिडकी) चौसष्टचा असतो आणि ‘सिसवॉव६४’मधला बत्तीसचा. दोन्ही फाइलींचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘सिस्टम३२’ हा पत्ता कायमचा लिहिलेला असायचा, तो मोडू नये म्हणून नाव तसंच राहिलं. कारण पटतं, पण नवख्याचा बळी जातोच. माझी ‘टेस्ट’ पास झाली ती चौसष्टच्या खिडकीत. बत्तीसचा ड्रायव्हर टाकून ‘सिसवॉव६४’मधून डीएसएन बनवला आणि काटा चालू झाला. मायएसक्यूएलचे दोन्ही ड्रायव्हर एका मशिनवर सुखाने नांदतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या ड्रायव्हरचं तसं नाही. मशिनवर ऑफिस ज्या बिटांचं असेल, त्याच्या उलटा टाकायला गेलात की इन्स्टॉलर सहसा अडून बसतो.

आयएम००२ हा कोड आला, म्हणजे ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’, तर आधी नावाचं स्पेलिंग बघा. मग डीएसएन ‘यूजर’ आहे की ‘सिस्टम’ ते बघा. तुमच्या लॉगिनखाली बनवलेला यूजर डीएसएन दुसऱ्या खात्यावर चालणाऱ्या सर्व्हिसला (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसतच नाही; सिस्टम डीएसएन मशिनवरच्या सगळ्या खात्यांना दिसतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

सर्व्हर मायएसक्यूएल ८.० वर नेला की आणखी एक अडथळा येतो: २०१८च्या त्या आवृत्तीपासून पासवर्ड तपासायची डीफॉल्ट पद्धत बदलली आणि जुने ड्रायव्हर ऑथेंटिकेशन प्लगइनच्या (पासवर्ड तपासणाऱ्या भागाच्या) नावाने रडतात. अशा वेळी सर्व्हर जुन्या पद्धतीवर आणण्यापेक्षा नवा ड्रायव्हर टाकावा, असं माझं मत.

कनेक्शन जुळलं म्हणून मात्र लगेच घरी जाऊ नका. आमच्याकडे आठवड्याभराने हिशेब विभागाने एक्सेलमध्ये यादी ओढली, तर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर ‘अ‍ॅन्सी’ आणि ‘युनिकोड’ अशा दोन नावांनी यादीत दिसतो. मी पहिला निवडला होता, त्यातून देवनागरी अक्षरं नीट जात नाहीत. अशा वेळी टेबलातल्या नावावर हेक्स फंक्शन चालवून पाहा, ते साठवलेल्या अक्षरांचे कोड दाखवतं. यूटीएफ८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मधली देवनागरी असेल तर ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ने सुरू होणारे तुकडे दिसतील, मग डेटा शाबूत आहे, फक्त ड्रायव्हर बदला. ओळीने ‘३एफ’ दिसले, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हंच साठवली गेली आहेत. आमच्या बहुतेक नोंदी वाचल्या. पण त्या आठवड्यात एक्सेलमधून याच ड्रायव्हरने चढवलेली नवी नावं गेली ती गेलीच. क्लार्कांनी सभासद रजिस्टर काढलं आणि आम्ही दोघांनी बसून ती पुन्हा टाइप केली.