शड्डू ॲनिमेट करताना : हालचाल कोठे वाढवावी, कोठे आवरावी

संगणकीय ॲनिमेशन शिकणाऱ्या कोल्हापूरच्या मुलामुलींना, चेंडूच्या उड्या जमू लागल्या की, शड्डू ठोकणारा पैलवान करून पाहण्यास मी आवर्जून सांगतो. वस्तादांची परवानगी घेतली की तालमीतच संदर्भाचे चित्रीकरण मिळते आणि ही हालचाल आपल्या इतक्या ओळखीची असते की तिच्यातील खोटेपणा आपल्यालाच आधी खटकतो.

मात्र ते चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशेबाने जसेच्या तसे उतरवले, तर पात्र हमखास मवाळ दिसते. मांडीवर बसलेल्या थापेचा आवाज, अंगावरची माती, स्नायूंची थरथर यांतून जोर जाणवत असतो. रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवण्यासाठी बांधलेल्या आभासी सांगाड्यात, यांपैकी काहीच नसल्यामुळे तो जोर पोझ आणि टायमिंग यांतून आणावा लागतो. हात वर जाताना पाठीची कमान मागे अधिक ताणावी, हात तेथे काही फ्रेम्स जास्त रेंगाळू द्यावा, खाली मात्र चारऐवजी दोनच फ्रेम्समध्ये आणावा आणि थाप बसते त्या फ्रेमला कमान उलट, पुढे वळलेली असावी. मधल्या फ्रेममध्ये हात लांबवला तरी चालतो. फक्त तो त्याच प्रमाणात बारीक करावा, नाहीतर घनफळ वाढल्यासारखे वाटते.

ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल आलेखरेषांनी दाखवणाऱ्या खिडकीत, सगळे कर्व्ह (त्या रेषा) एकदम दीडपट करण्याचा मोह नवशिक्यांना फार होतो. तसे केले की कंबर आयके पायांच्या (पाऊल जागी धरून गुडघा आपोआप वळवणाऱ्या रचनेच्या) आवाक्याबाहेर जाते, गुडघे झटक्याने ताठ होतात, आणि पैलवानाचे वजनच नाहीसे होते. पिक्सारचे ॲनिमेटर जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या सिग्राफ या संगणकीय चित्रणावरील परिषदेतील निबंधात, एकच घटक वाढवला तर तो उपरा वाटतो आणि सगळेच वाढवले तर दृश्य अविश्वसनीय होते, अशा अर्थाची मांडणी केली होती. म्हणून पाय जवळजवळ चित्रीकरणाप्रमाणे ठेवावेत, कंबरेला थोडीच सूट द्यावी, धड आणि खांदे मात्र मोकळे सोडावेत.

हे सारे स्टेप्ड ब्लॉकिंगमध्येच, म्हणजे मधली हालचाल न भरता फक्त मुख्य पोझ मांडण्याच्या टप्प्यातच करावे, कारण स्प्लाइन झाल्यावर, म्हणजे पोझ सलग हालचालीने जोडल्यावर, पोझ मोडवत नाही. प्रथम हास्यास्पद वाटेल इतके वाढवून मग मागे यावे. थोडे थोडे वाढवत गेल्यास डोळा सरावतो आणि हात लवकर थांबतो. शोरीलमध्ये (आपल्या निवडक कामाच्या चित्रफितीत) मूळ चित्रीकरण कोपऱ्यात लहान लावावे, म्हणजे काम तपासणाऱ्याला तुम्ही काय बदलले ते लगेच कळते.